पंचवीस वर्षांनी महाविद्यालयाला काय द्यावे?

लेथ_क्रमांक_७
नमस्कार मंडळी. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या २००१ च्या बॅचचा रौप्यमहोत्सवी मेळावा येत्या डिसेंबरमध्ये भरत आहे. महाविद्यालय शासकीय आहे आणि आता स्वायत्त झाले आहे. त्याचे व शहराचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडावा असा आहे. आम्ही सर्व शाखा मिळून दोनशे चाळीस जण होतो. त्यांतल्या एकशे शहाऐंशी जणांशी संपर्क झाला असून आतापर्यंत ३६ लाख रुपये देण्याचे शब्द मिळाले आहेत. हे पैसे कशासाठी द्यायचे यावर मात्र गटात दोन तट पडले आहेत. एका गटाला बॅचच्या नावाची डिजिटल वर्गखोली हवी आहे. दुसऱ्या गटाला वाटते की गरजू विद्यार्थ्यांसाठी कायम निधी उभारावा.

मागच्या महिन्यात मी महाविद्यालयात जाऊन आलो. यंत्रशाळेत मी ज्या लेथवर पहिल्यांदा फेसिंग केले तो सात नंबरचा लेथ अजून जागेवर आहे, आणि त्याच्या चकची किल्ली आजही साखळीने बांधून ठेवलेली आहे. बाहेरच्या व्हरांड्यात आमच्या आधीच्या एका बॅचने दिलेला पाण्याचा कूलर आहे. त्याच्यावरची ग्रॅनाइटची पाटी स्वच्छ पुसलेली होती, दोन्ही तोट्या मोडलेल्या होत्या आणि शेजारी स्टुलावर स्टीलचे पिंप व साखळीला बांधलेला पेला ठेवला होता. देणाऱ्यांनी मनापासून दिले असणार यात मला तिळमात्र शंका नाही. आमचेही पंधरा वर्षांनी असेच होऊ नये, एवढ्यासाठी विचारतो. ज्यांनी आपल्या महाविद्यालयासाठी पैसा किंवा वेळ दिला आहे, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

कोयनाकाठ
आधी प्राचार्यांना विचारा, मग विभागप्रमुखांना आणि मग प्रयोगशाळा साहाय्यकांना विचारा. तिघांची उत्तरे वेगवेगळी येतील आणि बहुधा तिसरे उत्तर तुमच्या सर्वांत उपयोगाचे असेल.

हिशेबनीस
मी बारा वर्षे आमच्या माजी विद्यार्थी संघाचा कोषाध्यक्ष होतो, म्हणून आधी कोरडी वाटणारी पण आवश्यक असलेली माहिती देतो.

पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे पहिल्या दिवशी ठरवा. एखाद्या वर्गमित्राच्या खात्यात ते कधीही जमा करू नका, मग तो कितीही विश्वासाचा असो, कारण त्यात त्याच्यावरच अन्याय होतो. आपल्याकडे असा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवतात. त्यानंतर आयकर खात्याकडून १२-ए (संघाच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०-जी (देणाऱ्याला करवजावट) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी घ्यावी लागते व ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. ८०-जीची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि दोन हजार रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर तर कोणालाच मिळत नाही. हे देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाही तर मार्च महिन्यात प्रत्येक जण तुम्हाला दूरध्वनी करील.

आता कायम निधीचा हिशेब पाहू. ३० लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला दोन लाख दहा हजार रुपये व्याज येते. वसतिगृहाच्या मेसचे दरमहा साडेतीन हजार आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर एका विद्यार्थ्याला पस्तीस हजार लागतात, म्हणजे सहा विद्यार्थ्यांचे जेवण निघते. आकडा लहान वाटेल, पण तो दरवर्षी निघतो. मात्र सगळे व्याज वाटून टाकू नका. थोडे मुद्दलात परत घाला, नाही तर दहा वर्षांनी याच व्याजात चारच विद्यार्थ्यांचे भागेल.

पवईकर
हिशेबनीसांशी सहमत आहे. एक मोठे उदाहरण देतो, आकड्यांनी दिपून जाण्यासाठी नव्हे तर त्यामागची पद्धत कळावी म्हणून. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी मुंबई आयआयटीत १९७३ मध्ये प्रवेश घेतला. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, जून २०२३ मध्ये, त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधीचे ८५ कोटी धरून त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. बातमी या आकड्यांची झाली. पण त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने आपल्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटींचा संकल्प केला आणि त्यात दोनशेहून अधिक जणांचा वाटा होता, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. त्याआधी १९७१ च्या बॅचने सुवर्णमहोत्सवाला ४१ कोटी दिले होते.

एवढ्या लोकांचा वाटा एका संध्याकाळच्या भाषणाने उभा राहत नाही. मी ज्या बॅचच्या कामात होतो तिथे आम्ही वसतिगृहांप्रमाणे याद्या केल्या, विंगमधल्या एकाने विंगमधल्या दहा जणांना फोन करायचा असे ठरवले आणि पहिल्या फोनवर पैशाचा विषयच काढायचा नाही हा नियम कसोशीने पाळला. चौकशी करायची, घरच्यांची खुशाली विचारायची, कोणाचे काही बिनसले असेल तर ऐकून घ्यायचे. पैशाचे बोलणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनवर होई, आणि तेही बहुतेक वेळा समोरचाच काढी. या कामाला आम्हाला दीड वर्ष लागले. तुमच्याकडे डिसेंबरपर्यंतच वेळ असेल, तर सगळी रक्कम मेळाव्याआधीच जमली पाहिजे असा हट्ट धरू नका.

रोखठोक_नांदेड
मला हा विषय मुळातच वेगळ्या बाजूने मांडायचा आहे. शासकीय महाविद्यालय चालवणे ही शासनाची जबाबदारी आहे. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, तासिका तत्त्वावर नेमलेल्यांच्या जिवावर अख्खे विभाग चालवायचे, आणि माजी विद्यार्थ्यांनी भावनेपोटी खोल्या बांधून द्यायच्या, यामुळे शासनाला हात झटकायला जागा मिळते. तुम्ही वर्गखोली द्याल, पण त्या खोलीत शिकवायला कायमस्वरूपी माणूस कोण देणार? दोनशे चाळीस अभियंत्यांनी, ज्यांत काही अधिकारी आहेत आणि काही उद्योजक आहेत, एकत्र येऊन रिक्त पदांचा प्रश्न लावून धरला, तर तो ३६ लाखांपेक्षा मोठा उपयोग ठरेल. देणगी देऊ नका असे माझे म्हणणे नाही, पण जे शासनाने द्यायचे आहे ते आपण देऊ नये.

जुनी_पाने
रोखठोक यांचा मुद्दा मोलाचा आहे. फक्त इतिहासात पाहिले तर सरकारी पैसा आणि खासगी दान यांची सरमिसळ आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ मध्ये सरकारी कामांसाठी माणसे तयार करणारा वर्ग म्हणून झाली. मुंबईची व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था १८८७ मध्ये उभी राहिली तेव्हा गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्यासारख्यांनी तिला हात दिला. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था तर १९४२ मध्ये डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या संपत्तीतून स्थापन झाली. ते काही तिथले माजी विद्यार्थी नव्हते.

मला मात्र दुसरेच उदाहरण जवळचे वाटते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरात शिकवण्या करून पदवीपर्यंत पोहोचले. पुढे म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. त्यानंतर त्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर पुण्याच्या पाण्याचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताना माझ्या मनात पुष्कळदा येतो.

तापीतीर
मी सहसा फक्त वाचतो, पण आज लिहिणे भाग आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातला. १९९८ मध्ये अशाच एका महाविद्यालयात स्थापत्यच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शुल्क माफ होते, पण मेसचे बिल माफ नव्हते. वसतिगृहात राहिलेल्यांना खाडा म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. जेवायचे नसेल तर आदल्या दिवशी वहीत आपल्या नावापुढे खाडा लिहायचा, म्हणजे तेवढे बिल कमी होते. त्या वर्षी पाऊस लांबला आणि घरून पैसे येणे थांबले. मी एक दिवसाआड रात्रीचा खाडा लिहू लागलो. मित्रांना सांगायचो की नातेवाइकांकडे जेवायला जातो. त्या शहरात माझे कोणीही नातेवाईक नव्हते. वाचनालय नऊला बंद होई, तोपर्यंत तिथे बसायचो आणि येताना नळावर पाणी पिऊन झोपायचो.

नोव्हेंबरात रेक्टर सरांनी बोलावले. त्यांच्या टेबलावर मेसची वही उघडी होती आणि माझ्या नावापुढच्या ओळीत सगळीकडे फुल्या होत्या. ते मला काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझे तीन महिन्यांचे बिल भरले गेले आहे, आता खाडा लिहायचा नाही." कोणी भरले ते त्यांनी सांगितले नाही. पुढे नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो तेव्हा पुन्हा विचारले. एक जुना विद्यार्थी दरवर्षी जूनमध्ये त्यांच्याकडे काही रक्कम देऊन ठेवतो आणि नाव सांगू नका म्हणतो, एवढेच ते बोलले. बिल एकूण एक हजार नऊशे रुपयांचे होते.

आज शासनाच्या योजना पूर्वीपेक्षा चांगल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शुल्काचा वाटा मिळतो, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पंजाबराव देशमुख योजनेतून निर्वाह भत्ताही आहे. पण महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरणे, त्याची छाननी होणे आणि पैसा खात्यात पडणे यांत महिने जातात, आणि मेसचे बिल दर महिन्याच्या पाच तारखेला येते. मधल्या त्या महिन्यांत मुले काय करतात, हे खाड्यांच्या वहीत दिसते. म्हणून लेथ_क्रमांक_७ यांना माझी विनंती आहे की काहीही ठरवण्याआधी त्यांनी रेक्टरांना भेटून ती वही एकदा पाहावी.

कोयनाकाठ
तापीतीर, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. माझ्या विंगमध्येही एक जण नेहमी "मावशीकडे" जेवायला जात असे. आज तुमचे लिहिणे वाचून मला पहिल्यांदा प्रश्न पडला की ती मावशी खरोखर होती का.

रोखठोक_नांदेड
तापीतीर, माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण त्याला मर्यादा घालतो. शिष्यवृत्ती वेळेवर देणे हे शासनाचेच काम आहे, पण ती येईपर्यंत कोणी उपाशी राहणे मला कोणत्याही तत्त्वासाठी मान्य नाही. दोन्ही गोष्टी एकत्र व्हाव्यात. बॅचने जेवणाची सोय करावी आणि शिष्यवृत्तीच्या विलंबाबद्दल संचालनालयाला, आमदारांना लेखी निवेदनेही द्यावीत. निवेदन तयार करण्याचे काम मी आनंदाने करीन.

अनघा_मिशिगन
मी पदवी महाराष्ट्रात आणि पदव्युत्तर शिक्षण मिशिगन विद्यापीठात घेतले. आता डेट्रॉइटच्या वाहन उद्योगात आहे. दोन्हीकडच्या रिती पाहिल्यामुळे काही गोष्टी मांडते.

इथे मला पहिला फोन आला तो पदवी घेऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बोलत होती. तिने आधी आपण काय शिकतो ते सांगितले, मग माझ्या वेळी तो विषय कसा शिकवत ते विचारले आणि शेवटी वीस डॉलर देता येतील का असे विचारले. वीस डॉलरने विद्यापीठाचे काही अडत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. पण त्या दिवसापासून मी दरवर्षी देत आले, रक्कम वाढवत आले, आणि माझी कंपनीही माझ्याएवढीच रक्कम विद्यापीठाला देते. इथल्या महाविद्यालयांच्या एका प्रसिद्ध क्रमवारीत किती माजी विद्यार्थी देणगी देतात हे प्रमाणही मोजले जात असे. २०२३ मध्ये तो निकष काढून टाकला, कारण काहीही असो, पण देणाऱ्यांची संख्या मोजण्याची सवय इथे खोल रुजली आहे. भारतातल्या माझ्या महाविद्यालयातून मला पहिला फोन आला तो एकवीस वर्षांनी, आणि तोही थेट मोठ्या रकमेसाठी. माणूस जोडलेला राहावा यासाठी पहिल्या वर्षीच हात पुढे करायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

परदेशातल्या वर्गमित्रांसाठी एक महत्त्वाची सूचना. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. माझ्यासारख्या ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्यांची देणगी मात्र विदेशी धरली जाते, भले त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असो. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच यावा लागतो. तुमच्या संघाकडे ही नोंदणी नसेल तर आमचे पैसे परस्पर दुसऱ्याच्या नावाने आणण्याचा विचारही करू नका. आम्ही वेळ देऊ, आणि तोही मोठा असू शकतो.

प्रयोगशाळा
मी अशाच एका महाविद्यालयात सतरा वर्षे शिकवतो आहे. वर्गखोली की कायम निधी, या वादात तिसऱ्या बाजूने बोलतो.

आम्हाला यंत्र देणारे भेटतात, पण ते यंत्र चालू ठेवणारे भेटत नाहीत. ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारे यंत्र) आले की फोटो निघतात, फीत कापली जाते. दोन वर्षांत त्यांचे प्रोब, म्हणजे जोडणीच्या तारा, तुटतात. प्रोबसाठी तीन दरपत्रके मागवावी लागतात, आणि तोवर सत्र संपते. त्रिमितीय मुद्रक (थ्रीडी प्रिंटर) आहे पण त्याची प्लॅस्टिकची तार संपलेली असते. यूपीएस आहे पण बॅटऱ्या फुगलेल्या असतात. म्हणून वस्तू द्यायचीच असेल तर तिच्या किमतीच्या काही भागाची ठेव तिच्या दुरुस्तीसाठी त्याच वेळी बाजूला ठेवा, आणि वर्षातून एकदा ती वस्तू पाहायला कोणीतरी या. कूलरच्या तोट्या मोडल्या, कारण कूलर दिल्यानंतर तो कोणाचाच राहिला नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना आजवर मिळालेली सर्वांत उपयोगी भेट फुकटची होती. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कारखान्यातला जाम झालेला वर्म गिअरबॉक्स पोत्यात गुंडाळून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आतले काशाचे चाक इतके झिजले होते की दाते सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते, आणि तळाच्या काळ्या तेलात पिवळी चकाकी दिसत होती. त्याने मुलांना एवढेच विचारले, "हा का मेला, ते सांगा." मुलांनी दोन शनिवार घालवले. कोणी म्हणाले भार जास्त झाला, कोणी म्हणाले संरेखन चुकले. शेवटी एका मुलीने बाहेरच्या कवचावरचा रंग नखाने खरवडला, तेव्हा खाली तेलाची पातळी दाखवणारी काच सापडली. कारखान्यात यंत्रांना रंग देताना त्या काचेवरही रंग गेला होता, त्यामुळे तेल संपल्याचे कोणालाच दिसले नाही. हे कोणत्याही पुस्तकात नाही. तो गिअरबॉक्स अजून माझ्या प्रयोगशाळेत आहे आणि दर नव्या बॅचला मी तो उघडून दाखवतो.

वेळ देणाऱ्यांबद्दलही मोकळेपणाने लिहितो. मागे आम्ही मार्गदर्शक योजना सुरू केली तेव्हा साठ माजी विद्यार्थ्यांनी नावे दिली. दुसऱ्या महिन्यात नऊ जण राहिले. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना नेमके काय करायचे ते सांगितलेच नव्हते. आता आम्ही एवढेच मागतो की सत्रातल्या चार ठरलेल्या शनिवारी, ठरलेल्या एका प्रकल्पगटासाठी, दीड तास द्यावा. साठऐवजी चौदा जण येतात, पण चौदाच्या चौदा येतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची स्वतंत्र नोंद असते, त्यामुळे मूल्यांकनाचे वर्ष आले की सगळीकडे मेळाव्यांची धांदल उडते. फायलीसाठी काढलेल्या फोटोंपेक्षा हे चौदा जण मला फार मोलाचे आहेत.

चाकणकरीण
प्रयोगशाळा सर, आपले म्हणणे शब्दशः पटले. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे आणि चार वर्षे मुलाखतींच्या सरावासाठी माझ्या महाविद्यालयात जाते. सुरुवातीला मी थेट इंग्रजीत प्रश्न विचारत असे आणि खेड्यातून आलेली मुले गप्प बसत. एका मुलाला मी म्हटले, "मराठीत सांग." तो आपल्या प्रकल्पातल्या पंपाबद्दल वीस मिनिटे न थांबता बोलला. शोषण नळीत हवा का शिरते, हे त्याने मला कागदावर काढून दाखवले. त्याला सगळे येत होते. तेव्हापासून मी आधी मराठीत ऐकते, मग तेच इंग्रजीत पाच वाक्यांत मांडायला लावते आणि तिसऱ्या फेरीत नेहमीची मुलाखत घेते. याला पैसे लागत नाहीत. एका विद्यार्थ्यामागे पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास सलग लागतो.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयं' उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्हीने अवकाशात गेला. तो प्रकल्प अनेक बॅचच्या विद्यार्थ्यांनी हातोहात पुढे नेला होता. पुढे गेलेल्याने मागे वळून मागच्याला शिकवले नसते, तर ते काम दर चार वर्षांनी पहिल्या पानावरून सुरू झाले असते. माजी विद्यार्थ्यांचे काम मला तसेच वाटते.

सांगलीकर
चर्चा उत्तम चालली आहे, पण पाटीवर नाव लावणाऱ्यांकडे कोणी कमीपणाने पाहू नये असे मला वाटते. माझी आई सातवी शिकलेली होती. पाटावर बसून, कंदिलाच्या उजेडात, तिने माझ्या शेजारी रात्री जागून काढल्या. तिच्या नावाने मी दरवर्षी एका मुलीला पुस्तकांचा खर्च देतो आणि प्रमाणपत्रावर आईचे नाव छापलेले पाहिले की मला समाधान वाटते. नावामुळे मी दरवर्षी पैसे भरायला विसरत नाही. तापीतीर यांना मदत करणाऱ्याने नाव सांगितले नाही आणि मी आईचे नाव लावतो. दोन्ही आपापल्या जागी असू द्यावे. फक्त घेणाऱ्या विद्यार्थ्याला मंचावर बोलावून पाकीट देऊ नये. त्या वयात ते फार लागते.

आणखी एक सुचवतो. ३६ लाख एकदाच जमतील. पण बॅचमधल्या दोनशे जणांनी दरमहा पाचशे रुपये आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली, तर वर्षाला बारा लाख होतात. ज्यांना एकरकमी मोठी रक्कम देणे जमत नाही आणि म्हणून संकोचाने गटात बोलत नाहीत, त्यांनाही मानाने सामील होता येते.

हिशेबनीस
सांगलीकरांची सूचना अमलात आणण्यासारखी आहे. तापीतीर यांनी मांडलेल्या मधल्या महिन्यांसाठी आम्ही एक व्यवस्था केली होती, ती सांगतो. आम्ही पाच लाख रुपये वेगळे ठेवले आणि त्याला 'उचल' म्हटले. शिष्यवृत्ती मंजूर व्हायची आहे अशा विद्यार्थ्याचे मेसचे बिल त्यातून थेट भरायचे, आणि शिष्यवृत्ती आली की त्याने जमेल तसे परत करायचे. व्याज नाही, कागद नाही, तगादाही नाही. बहुतेक मुलांनी परत केले, आणि काहींनी नोकरी लागल्यावर दुपटीने केले. एकच काळजी घेतली पाहिजे. कोणाला द्यायचे हे रेक्टर आणि एक शिक्षिका मिळून ठरवतात, आमच्या समितीला फक्त आकडा कळतो, नाव कळत नाही. दर तिमाहीला आम्ही जमाखर्च सर्व देणाऱ्यांना पाठवतो, त्यात मेस कंत्राटदाराच्या पावत्यांचे क्रमांक असतात. तिमाही जमाखर्च पाठवायला एकदा उशीर झाला, तेव्हा पुढच्या महिन्यात देणगी लगेच कमी झाली होती. ते लोकांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

लेथ_क्रमांक_७
मधे तीन आठवडे गेले, त्याबद्दल क्षमस्व. तुमचे सर्वांचे लिहिणे मी आमच्या गटात वाचून दाखवले आणि मग आम्ही पाच जण महाविद्यालयात गेलो.

तापीतीर यांच्या सांगण्यावरून आधी रेक्टरांना भेटलो. आता वही नाही, संगणकावर तक्ता असतो, पण शब्द अजूनही खाडा हाच आहे. सरांनी नावे झाकून आम्हाला ऑगस्ट ते ऑक्टोबरचे रकाने दाखवले. काही ओळी अगदी तापीतीर यांनी लिहिल्यासारख्या होत्या, एक दिवसाआड, फक्त रात्रीच्या. आमच्यात डिजिटल वर्गखोलीसाठी सर्वांत आग्रही असलेला मित्र त्या पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "खोली पुढच्या बॅचला देऊ दे."

आमचे आता असे ठरले आहे. २४ लाखांचा कायम निधी संघाच्या नावाने राहील. सहा लाख उचलीसाठी ठेवू आणि त्यातला निर्णय रेक्टर व शिक्षिका घेतील. प्रयोगशाळा सरांनी लिहिल्याप्रमाणे उरलेले सहा लाख फक्त दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी असतील. विभागाला एका पत्रावर आठ दिवसांत ते वापरता यावेत, अशी सोय करतो आहोत. दरमहा पाचशेच्या योजनेत त्र्याण्णव जण आले आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण असे आहेत की जे गेल्या सहा महिन्यांत गटात एक शब्दही बोलले नव्हते. अनघाताई, आमच्या संघाकडे एफसीआरए नोंदणी नाही, म्हणून परदेशी नागरिक झालेल्या अकरा मित्रांना आम्ही पैशाऐवजी चार-चार शनिवार मागितले आहेत. रोखठोक, शिष्यवृत्तीच्या विलंबाबद्दलचे निवेदन आम्हाला खरोखर हवे आहे. मेळाव्याच्या दिवशी दोनशे सह्या एका जागी मिळतील. मसुदा त्याआधी पाठवाल का?

कूलरचे काम मात्र त्याच दिवशी झाले. आम्ही बाजारातून दोन तोट्या आणि टेफ्लॉनची पट्टी आणली, यंत्रशाळेतून पाना घेतला आणि एका तासात बसवल्या. पाटीवरच्या बॅचच्या एका ज्येष्ठांना फोटो पाठवला, तर त्यांनी लगेच फोन करून दरवर्षीच्या देखभालीचा खर्च आपल्याकडे घेतला.

रोखठोक_नांदेड
मसुदा रविवारपर्यंत पाठवतो. कोणत्या महिन्यात अर्ज भरला आणि कोणत्या महिन्यात पैसा आला, एवढे दोन रकाने रेक्टरांकडून मिळाले तर बरे होईल. नावे नकोत.

चाकणकरीण
आमच्या भंगारात एक कन्व्हेयरचा गिअरमोटर पडला आहे. त्याचे बेअरिंग जळालेले आहे आणि कारण आम्हाला माहीत आहे, पण मी ते सांगणार नाही. वजन अठ्ठावीस किलो आहे. लेथ_क्रमांक_७, तुमच्या यंत्रशाळेत शनिवारी किती वाजता आणू?